कचेरीखालचं पाणी

चंद्रपूर
१२ मार्च १९८५

ती. वामनमामास,
सप्रेम जयभीम.

सरकारनं माझ्या हाती कोणतं काम दिलंय, असं तुम्ही दोन पत्रांतून विचारलंत आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला. तुम्ही हसाल म्हणून. आता लपवण्यात अर्थ उरलेला नाही, कारण काल सगळं चंद्रपूर हसून गेलं.

किल्ल्याच्या भिंतीच्या आत जी जुनी कचेरी आहे, तिच्या मागच्या अंगणात रेकॉर्ड रूम बांधायची आहे. तुमचा गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, निम्मं दप्तर तिकडे गेलं, तरी उरलेलं ठेवायला इथे जागा नाही. कचेरी गोंड राजांच्या काळातली, मग इंग्रजांची, आता आपली. आणि प्रत्येकानं तिच्यात कागद तेवढे वाढवले. माझं काम पायव्याचे खड्डे घेण्याचं. कनिष्ठ अभियंता नवी, त्यात मुलगी. मोठ्या साहेबांनी विचार केला असेल, खड्ड्यात ही काय बिघडवणार.

मामा, मी खड्डाही बिघडवला.

पत्रू नावाचा आमचा मजूर खणत होता. त्याची लोखंडी सब्बल जमिनीत गेली ती गेलीच. हातातून सुटली, आणि थोड्या वेळानं खालून पाण्यात काही पडल्याचा आवाज आला. सगळे मजूर वर.

"बाई, खाली कोणीतरी राह्यते," पत्रू म्हणाला.

"कोण?"

"मले काय माहीत? मी थोडीच गेलो होतो."

माती काढली तर विटांची कमान निघाली, आणि कमानीखाली काळ्या दगडाच्या पायऱ्या. बावडी आहे. कचेरीच्या मागच्या व्हरांड्याखाली शिरलेली, आणि आत पाणी आहे. एवढी वर्षं बाबू लोक तिच्यावर टेबलं मांडून बसले होते.

ठेकेदार म्हणाला, "मॅडम, जेवणाच्या सुट्टीच्या आत मलबा टाकून बुजवून देतो, कोणाला कळायचं नाही." माझ्या तोंडून "थांबा" निघालं. मग मी नागपूरच्या पुरातत्त्वाच्या कार्यालयाला तार केली आणि त्यानंतर मोठ्या साहेबांना सांगितलं. क्रम उलटा झाला असं त्यांचं मत पडलं. "बाई, आपल्याला खोली बांधायची आहे, इतिहास नाही," म्हणाले.

नोकरी अजून कच्ची आहे, म्हणून आईला यातलं काही कळवू नका.

तुमची,
कांता


धानोरा
२० मार्च १९८५

चि. कांतास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र भेटलं. तू आता रेडिओवाल्या बाईसारखं लिहून राह्यली. नागपूरच्या पॉलिटेक्निकात पूल शिकवतात म्हणे, भाषाही शिकवत असतीन. मी बाप्पा आपल्या बोलीतच लिहीन. समजलं नाई तर कोणाले वाचून घेजो.

तुह्या मायले, म्हंजे आमच्या बाईले, मी काही सांगतलं नाई. आरमोरीले गेलो तर बाईनंच मले सांगतलं. चंद्रपूरची एस. टी. आरमोरीवरून जाते आणि कंडक्टर काही मुका नसते. बाई म्हणे, "पोट्टीले खड्डा खणाले लावलं, त्यातही हिनं पाणी काढलं." तोंडानं कुरकुर, पण शेजारच्या चार घरी सांगून आली होती.

इथी पोस्टात सामसूम आहे. मोहफुलं पडून राह्यली, अख्खा मुलूख पहाटेपासून जंगलात. तारही नाई, मनिऑर्डरही नाई. म्हून तुह्या बावडीचीच चर्चा. लोक म्हणतात, सोन्याचे हंडे निघाले आणि त्याईवर नाग बसला आहे. मी सांगतलं, नाग नाई, एक सब्बल आहे, तेही सरकारी. कोणाले पटलं नाई.

आमचा कोलू गोंड, जो जंगलातल्या गावाले डाक घेऊन पायी जाते, तो म्हणे, "मास्तर, बावडी तर आमच्या राजाची. पोरीले सांगा, पाणी तेवढं आमाले ठेवा, बाकी तुमचं." मी म्हटलं, लिहितो. लिहिलं.

साहेबाच्या रागाचं मनावर नोको घेऊ. ज्याच्या अंगणात पाणी निघते त्यानं रागवू नाई, हे त्याले कोणी शिकवलं नाई.

तुहा मामा,
वामन


चंद्रपूर
२ एप्रिल १९८५

ती. वामनमामास,
सप्रेम जयभीम.

कोलूभाऊंना सांगा, निरोप पोचला, पण दावेदार वाढले आहेत.

नागपूरहून पुरातत्त्वाचे निमगडे साहेब आले. हरिदास निमगडे. आल्या आल्या त्यांनी काम बंद करायला लावलं, ठेकेदाराला दूर बसवलं आणि दोन दिवस ब्रशनं पायऱ्या झाडत राहिले. रागावत नाहीत, आवाज चढवत नाहीत. एका पायरीपुढे तासभर बसतात आणि उठून म्हणतात, "चांगली आहे." मला मोजमापं घ्यायला सोबत ठेवलंय. मातीच्या भाजलेल्या नळांचे तुकडे निघाले. तलावाचं पाणी शहरात खेळवायला राजांनी असे नळ घातले होते, ते म्हणाले. मी पूल शिकले, पण एवढं गुळगुळीत काम आमच्या खात्यात अजून पाहिलं नाही.

परवा डाव्या भिंतीवरचा गाळ काढला, तर कोनाड्यात दगडाची बाई निघाली. हातभर उंच. कमरेवर घागर, दुसरा हात कपाळाशी, ऊन लागल्यावर आपण धरतो तसा. नाक झिजलंय, पण चेहऱ्यावर वैताग स्पष्ट दिसतो. खरं सांगू? पाण्याला निघालेल्या माझ्या आईसारखी दिसते. हे आईला सांगू नका.

दुपारपर्यंत गल्लीतल्या बायका हळदकुंकू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, देवी आहे. आपल्या वस्तीतले लोक आले आणि म्हणाले, बुद्धांची आई महामाया असणार, भद्रावतीच्या बौद्ध लेण्यांपासून इथवर आपलंच होतं. संध्याकाळी दोन गोंड म्हातारे आले. ते म्हणाले, आमची राणी.

निमगडे साहेबांना विचारलं. ते चष्मा पुसून म्हणाले, "पाणी भरणारी बाई आहे. नाव कोरलेलं नाही." तिघांनाही ते आवडलं नाही.

तुमची,
कांता


धानोरा
११ एप्रिल १९८५

चि. कांतास,
आशीर्वाद.

तुहं पत्र मी दोनदा वाचलं. बाईची मूर्ती छान. नळ छान. आता मुद्द्याचं बोल.

निमगडे म्हंजे कुठचे? उमरेडकडचे का ब्रह्मपुरीचे? आडनाव आपल्यातलंच आहे. रागावत नाई, आवाज चढवत नाई, तासभर बसते आणि "चांगली आहे" म्हणते. बाप्पा, असा माणूस आपल्या सात पिढ्यांत झाला नाई. तू एका पत्रात त्याचं नाव इतकेदा लिहिलं, तेवढं तर बावडीचंही नाई लिहिलं. मामा पोस्टात आहे, त्याले ओळीमधलं वाचता येते.

मी काही विचारत नाई. फक्त सांग: उंच आहे का? खाणंपिणं कसं? नोकरी पक्की आहे का?

कोलूले राणीचं सांगतलं. तो म्हणे, "राणी काऊन पाणी भरन?" मंग विचार करून म्हणे, "आमचीच असन तर भरनही." तेंदूपानाचा हंगाम संपला की पाहाले येतो म्हणे.

चौदा एप्रिलले तिथल्या मिरवणुकीत जाजो. आणि निमगडे साहेबाले विचारजो, तेही येतात का.

मामा


चंद्रपूर
२५ एप्रिल १९८५

ती. वामनमामास,
सप्रेम जयभीम.

तुम्ही काही विचारत नाही, तरी उत्तरं देते. उंच आहेत. नोकरी अगदी पक्की. तिखट मुळीच खात नाहीत, वरणभात आणि साधी भाजी. पायऱ्या फार जपून उतरतात. मिरवणुकीला आले होते, पण गर्दीत फार वेळ उभं राहवत नाही म्हणून लवकर गेले. याहून जास्त मी लिहिणार नाही. ओळींमधलं तुम्ही वाचाच.

इकडे ऊन सत्तेचाळीसवर गेलं. नळ एक दिवसाआड येतात, तेही पहाटे, करंगळीएवढी धार. पण बावडीचं पाणी हललेलं नाही. गल्लीत आता एक समिती झाली आहे. अध्यक्ष म्हणजे मागच्या गल्लीतले निवृत्त वकीलसाहेब. माझ्याकडे आले, अगदी अदबीनं म्हणाले, "मॅडम, मूर्तीपुढे दिवा लावायचा आहे, परवानगी द्या." दिव्यानं काय बिघडतं, मी हो म्हटलं. मग दिव्यामागे घंटा आली, घंटेमागे दोर. आता एकजण दोराजवळ उभा राहतो, लोकांना रांगेनं सोडतो आणि तीर्थ म्हणून पाणीही देतो. मोठ्या साहेबांच्या घरूनही बायका येऊन गेल्या, त्यामुळे ते खूष आहेत. रेकॉर्ड रूम बाजूच्या मोकळ्या जागेत सरकवायला त्यांनी तोंडी मान्यता दिली. दगडाच्या बाईनं माझं काम केलं म्हणायचं.

मी डोक्यावर हेल्मेट घालून दिवसातून चारदा खाली उतरते. घंटा वाजवणारे मला नमस्कार करतात. गंमत वाटते.

मेच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवस आईकडे आरमोरीला जाते आहे. तुम्ही तिथेच या.

तुमची,
कांता


धानोरा
९ मे १९८५

चि. कांतास,
आशीर्वाद.

आरमोरीले येऊ शकलो नाई, कारण मी चंद्रपूरले होतो.

रागावू नोको. तू मायकडे असताना पोट्टा मोकळेपणानं पाहता येईन, असा विचार केला. इस्त्रीचा सदरा घातला, केसाले तेल लावलं, सकाळच्या गाडीनं निघालो. कचेरीच्या मागं सावलीत एक म्हातारे गृहस्थ खुर्चीवर बसून दगड पुसत होते. मी म्हटलं, "जयभीम काका, निमगडे साहेब कुठी भेटतीन?"

ते म्हणे, "बसा. मीच."

कांता, मले बसाले खुर्ची नव्हती, असती तर तिच्यातच पडलो असतो.

मंग आता आलोच आहो म्हून विचारलं, घरी कोण कोण. म्हणे दोन सुना, तीन नातू, पुढच्या वर्षी निवृत्ती. मी "वा, वा" म्हणत राह्यलो. तिखट काऊन खात नाईत तेही समजलं, जेवताना कवळी काढून रुमालात ठेवली त्याईनं. पायऱ्या जपून उतरतात, कारण गुडघे दुखतात. एक अक्षर तू खोटं लिहिलं नाई, आणि एक अक्षर खरं लिहिलं नाई. पोस्टाच्या कायद्यात याले कलम पाहिजे होतं.

त्याईनं मले विचारलं, आपण कोण. मी म्हटलं, रस्ता चुकलेला माणूस. ते म्हणे, "कांताबाईचे मामा ना? ती म्हणत होती, तुम्ही एक दिवस येसान." म्हंजे तुम्ही दोघं मिळून हसत होते. हसा. माणूस मोठा चांगला आहे. माह्या वयाचा असता तर मीच दोस्ती केली असती. माह्याहून सहा वर्षांनी मोठा निघाला, तरी केली.

बावडी पाह्यली. वरूनच पाह्यली. ऊन लय होतं, म्हून थांबलो नाई. दुपारच्या गाडीनं परत आलो.

मामा


चंद्रपूर
१४ मे १९८५

मामा,

तुमचं पत्र वाचून मी आणि निमगडे साहेब पोट धरून हसलो. हसत हसत ते पत्र मी समोरच्या चहावाल्या नीलाबाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. शेवटचं परत वाच म्हणाल्या. मी वाचलं. "ऊन लय होतं, म्हून थांबलो नाई."

"असं लिहिलं का त्यानं?" त्या म्हणाल्या, आणि मग सांगितलं. जसं सांगितलं तसंच लिहिते.

"तुहा मामा दोराजवळ गेला व बाई. दोरवाल्यानं नाव विचारलं, गाव विचारलं. मंग आडनाव विचारलं. मंग वकीलसाहेबाकडं पाह्यलं. वकीलसाहेब म्हणे, तुम्ही इथीच वरच्या पायरीवर बसा, ओंजळ धरा, पाणी वरून वाढतो. लय गोडीनं म्हणे. तुहा मामा दोरापासून मागं सरकला. मंग म्हणे, राहू द्या, तहान नाई. आन् माह्या इथी येऊन दोन गिलास पाणी पेला. मले म्हणे, कांताले सांगू नोको."

नीलाबाई आपल्याच वस्तीतल्या. त्या महिनाभर हे बघत होत्या. मला का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाल्या, "तू तर रोज उतरते. मले वाटलं, तुले माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. मला कोणी आडनाव विचारलं नाही. मी मॅडम आहे, हेल्मेट आहे, हातात टेप आहे. त्या दोराची गंमत तुम्हाला लिहून पाठवली मी.

माझा राग समितीवर आहे, स्वतःवर आहे. पण सगळ्यात जास्त तुमच्यावर आहे. कवळी लिहिली, गुडघे लिहिले, आणि हे ठेवून घेतलं.

कांता


धानोरा
२० मे १९८५

चि. कांता,

नीलाबाईच्या पोटात काही राहत नाई. पण चहा चांगला करते, म्हून माफ.

काऊन लिहिलं नाई, ते सांगतो. तुह्या पत्रायमध्ये त्या बावडीचा आनंद होता. सब्बल पडली तिथपासून. मले वाटलं, पोट्टीनं आपल्या हातानं काही शोधलं, त्यात माहं जुनं दुखणं काऊन कालवू? मी लहानपणी आरमोरीले तळ्याच्या वरच्या घाटावर असाच ओंजळ धरून बसलो आहो. तुही मायही बसली आहे. ते आमाले नवीन नाई. तुले नवीन असावं, एवढ्यासाठीच तर तुले शिकवलं. पंचवीस वर्षं मी हजारो चिठ्ठ्या पोचत्या केल्या. ही एक माह्याजवळ ठेवाविशी वाटली.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर तहान लय लागली, हे मात्र खरं.

आता ऐक. माही शपथ आहे, रागात काही करू नोको. तुही नोकरी कच्ची आहे. आणि तो वकील आहे, जन्मभर बोलण्यावरच जगला. शब्दानं भांडशील तर तो जिंकन, वरून तुले चहाही पाजन. तुले भांडाचंच असन तर टेप घेऊन भांड. तुले तेच येते.

बाईले यातलं काही बोलू नोको. ती सरळ चंद्रपूरले येईन, आणि मंग तुह्या समितीचं काय होईन याची मले काळजी आहे.

मामा


चंद्रपूर
८ जून १९८५

ती. वामनमामास,
सप्रेम जयभीम.

टेप घेऊन भांडले.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी आणि निमगडे साहेब एकेक पायरी तपासत खाली गेलो. सहावी आणि सातवी पायरी खालून पोकळ झाली आहे. रोज शेकडो पावलं पडल्यावर होणारच. मी नकाशा काढला, त्यांनी सही केली, आणि दुसऱ्या दिवशी कमानीला लोखंडी दार बसलं. आत कोणीही जायचं नाही. मी सुद्धा नाही, साहेबांच्या घरची मंडळी सुद्धा नाहीत. दिवा दाराबाहेर लावा, जाळीतून बाई दिसते. दोर काढला.

वकीलसाहेब आले. आवाज चढवला नाही. "मॅडम, दार लावलंत, आम्ही कायदा पाळणारी माणसं. पण या उन्हात लोकांचं पाणी बंद केलंत, त्याचं पाप?"

मी याचीच वाट बघत होते. म्हटलं, "पाणी बंद नाही केलं, साहेब. पायऱ्या दुरुस्त करायला पाण्याची पातळी खाली आणावीच लागेल. रोज उपसायला हवं. तुम्ही मदत कराल?"

ते हो म्हणाले. काय म्हणणार होते?

पाणी वीस फुटांच्या आत असलं की साधा हातपंप ते ओढून घेतो. खात्याच्या गोदामात एक पडून होता. कमानीच्या बाजूनं, एकाही जुन्या दगडाला धक्का न लावता, भिंतीतल्या पावसाच्या मोरीतून पाइप बाहेर नेला. निमगडे साहेब गुडघे धरत माझ्या मागे उभे होते आणि दर दोन मिनिटांनी "हळू" म्हणत होते. पंप कचेरीच्या भिंतीबाहेर, भर रस्त्यावर बसवला. दोराच्या आतही नाही आणि बाहेरही नाही. रस्ता सरकारचा आहे.

पहिले दोन दिवस फक्त आपल्या वस्तीतल्या बायका आल्या. समितीवाले लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलंच नाही. दुपारी वकीलसाहेबांच्या घरच्या बाई दोन घागरी घेऊन आल्या आणि रांगेच्या बाजूला उभ्या राहिल्या. घागर धरायची तर दांडा कोण मारणार? नीलाबाई पुढे झाल्या. "धरा ताई, मी मारते." बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, मग घागर धरली. भरली. नीलाबाई म्हणाल्या, "आता तुम्ही मारा, माही धरते." आणि त्यांनी मारला. सवय नव्हती, पदर सावरत, धापा टाकत. पण नीलाबाईंची घागर पुरी भरून दिली. मी समोरच्या टपरीवर बसून चहा पीत होते. थंड झाला.

आता दुसरी बातमी. परवानगी न घेता सरकारी पंप बसवल्याबद्दल मला लेखी समज मिळाली. वर बदलीही. समितीनं तक्रार केली, की साहेबांचं स्वतःचं मत झालं, ठाऊक नाही. पंप काढा असं मात्र कोणी म्हणालं नाही. साहेबांच्या घरूनही घागर येते. बदली गडचिरोली उपविभागात आहे. धानोरा रस्त्यावरच्या मोऱ्या, म्हणजे लहान पूल, बघायचे. बावडीची दुरुस्ती पुरी होताना मी इथे नसेन, याचं वाईट वाटतं. निमगडे साहेब म्हणाले, "मी आहे ना. दर पंधरा दिवसांनी लिहीन." मी त्यांना तुमच्याच पोस्टाचा पत्ता दिलाय. ओळींमधलं वाचू नका.

तुमची,
कांता


धानोरा
२३ जून १९८५

चि. कांतास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

सरकारनं शिक्षा तुले दिली का मले, हे अजून समजलं नाई. आता दर शनिवारी तू येशील, माही भांडी पाहून नाक मुरडशील, आणि बाईले खबरा देशील. मोऱ्या मात्र लय खराब आहेत, तुले काम पुरन. कोलू म्हणते, एक मोरी माह्या रस्त्यावरही पाहिजे. मी म्हटलं, त्या पोट्टीले खणाले लावशील तर तिथीही बावडी काढन.

काल, तू गडचिरोलीले हजर व्हाले गेली तेव्हा, मी चंद्रपूरले जाऊन आलो. तुले सांगतलं नाई, कारण तू मोजमाप घेत मागं मागं फिरली असती. ढग होते, पण पाऊस नाई. पंपाजवळ रांग होती. मी उभा राह्यलो. कोणी काही विचारलं नाई. माह्यासमोर एक पोट्टी बादली घेऊन, तिच्यासमोर एक सायकलवाला.

माहा नंबर आला तेव्हा मागं वळून पाह्यलं, तर वकीलसाहेब. हातात पितळेची बालटी. त्यानं मले ओळखलं. मीही ओळखलं. 

मले गिलास नेता आला असता. मी मुद्दाम नेला नाई, असं नोको समजू, विसरलोच. तर मी ओंजळ धरली आणि समजलं की हातपंपाचं पाणी एकट्यानं पेता येत नाई. कोणीतरी दांडा माराच लागते.

 त्यानं बालटी खाली ठेवली, पुढं आला आणि दांडा धरला. त्याले जमत नव्हतं, पहिलं दोनतीनदा नुसती हवा आली. मी म्हटलं, "पुरा खाली न्या, भाऊ." त्यानं पुरा खाली नेला.

मी पेलो. मंग त्याची बालटी मी भरून दिली. त्यानं मान हलवली आणि गेला. माफी मागितली नाई, मीही वाट पाह्यली नाई. नंतर नीलाबाईच्या टपरीवर निमगडे साहेबाबरोबर चहा घेतला आणि जाळीतून ती दगडाची बाई पाह्यली. तुह्या मायसारखीच आहे. हे मी बाईले सांगणार आहो.

पाणी कसं होतं म्हून विचारशील. थोडं मचूळ होतं. मी दोनदा पेलो.

तुहा,
वामनमामा